गंगा गेली का?

विमान वर चढून सरळ झालं, पट्ट्याचा दिवा विझला आणि आत्याने माझ्या मनगटाला हात लावून विचारलं, "गंगा गेली का रे?" तिच्या डाव्या मुठीत रुमाल होता आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवलेला एक रुपया. चिकलठाण्याला तपासणीच्या वेळी ट्रेमध्ये ठेवायला लावला, तेव्हाही तिने गाठ सोडली नव्हती, रुमालासकट ठेवला आणि पट्ट्याच्या पलीकडे जाऊन सगळ्यात आधी तोच उचलला. मी खिडकीतून खाली पाहिलं. पंख्यांचं छोटं विमान होतं, फार उंचावरून जात नव्हतं. तुरीचे हिरवे तुकडे, मोकळी झालेली काळी रानं, मधूनच पत्र्याची चमक, आणि दूर उजवीकडे पाण्याचा एक वाकडा पट्टा उन्हात लकाकत होता. ती गोदावरी असेल, माजलगावच्या धरणाचं पाणी असेल किंवा आणखी काही. मी म्हणालो, "गेली असेल." आत्या म्हणाली, "असेल म्हणजे?" मग तिने मुठीकडे पाहिलं, रुमाल पोलक्यात खोचला आणि हैदराबाद येईपर्यंत ती काही बोलली नाही.

घडलं ते एवढंच. पण त्या "असेल म्हणजे?"ने मला अजून सोडलेलं नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री मी फोनवर सगळं पाहून ठेवलं होतं. संभाजीनगर ते हैदराबाद, विमानाने सव्वा तास. हवेतलं सरळ अंतर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, रस्त्याने साडेपाचशेच्या आसपास, नांदेड-निजामाबादवरून रेल्वेने पाचशेहून थोडं जास्त. आत्याला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. वय अठ्ठ्याऐंशी, गुडघे दुखरे, आणि तिकडे धाकटी बहीण, आमची माई, न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर. रात्रभर गाडीत हाल कशाला, असा माझा विचार. "आत्या, सव्वा तास. तुझा चहा होऊन कप विसळेपर्यंत हैदराबाद." तिला ते पटलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. "मग सेलू कधी येतं?" एवढंच तिने विचारलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं. नंतर एकदा नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. संभाजीनगरहून हैदराबादकडे सरळ रेघ मारली, तर ती माजलगावच्या आसपास कुठेतरी गोदावरी ओलांडते आणि परळी, उदगीर, बिदर असं करत जाते. म्हणजे सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड हे सगळं डाव्या हाताला राहतं. आत्या ज्या वाटेने सत्तर वर्षं हैदराबादला जात-येत होती, ती वाट या प्रवासात नव्हतीच. तिने गंगेचं विचारलं तेव्हा खरं तर गंगा गेलेलीही असणार, पहिल्या वीसेक मिनिटांतच. फक्त जिथे ती भेटायची तिथे भेटली नाही.

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेड, गंगापूर, गंगथडी. काशीची ती वेगळी, लांबची, मेल्यावरची. ही रोजची. मनमाड-हैदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात झाली, तेव्हा तिचं नावच गोदावरी खोऱ्यावरून पडलं होतं. गंमत अशी, की औरंगाबादपासून थेट धर्माबादपर्यंत ही लाइन नदीच्या उत्तरेनेच चालते, कुठे लांबून, कुठे नांदेडसारखी जवळून. दुधना लागते, पूर्णा लागते, पण गंगा ओलांडायची ती एकदाच, बासरच्या पुढे. त्यामुळे त्या पुलाची सगळ्या डब्याला वाट असायची. धर्माबाद आलं की कळायचं. मोसमात स्टेशनात गाडी शिरायच्या आधीच मिरचीचा खाट यायचा, डबाभर लोक शिंकायचे, आणि खिडकीपाशी झोपलेल्या पोरांना आया हलवून उठवायच्या. ते शेवटचं मराठी स्टेशन. मग बासर, पाटीवर तेलुगू अक्षरं, सरस्वतीच्या देवळाच्या दिशेने जोडलेले हात, आणि लगेच चाकांचा आवाज बदलायचा. जमिनीवरची बसकी खडखड एकदम पोकळ, मोठी व्हायची. पूल.

आजी आम्हाला शिकवायची, नाणं कसं टाकायचं ते. हात गजांतून बाहेर काढायचा, लोखंडी खांब जातात त्यांचा ठेका मनात मोजायचा आणि दोन खांबांच्या मधे सोडून द्यायचं. लोखंडावर आपटून "टण्" वाजलं, तर ते गंगेला पोचलं नाही. मग दुसरं टाकायचं, पण तोवर पूल संपलेला असायचा. आजोबा निजामाच्या काळात टाकायचे तो हाली पैसा. हाली निजामाचं, कलदार इंग्रजांचं, दोन नाण्यांची ती बोली आत्याच्या तोंडात अजून आहे. काही स्वस्त मिळालं की "हालीच्या भावात आणलं" म्हणते. सात हालीचे सहा कलदार व्हायचे, हा हिशेब ती आजही बोटांवर करून दाखवते.

आजोबा सेलूला वकील. त्यांचं कायद्याचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, मोठं कोर्ट हैदराबादला, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी काचीगुड्याची, म्हणजे हैदराबादच्या त्या स्टेशनची, फेरी ठरलेली. हैदराबाद म्हणजे राजधानी, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. मुंबई लांब. मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला उतरून मोठ्या गाडीत बसायचं, दुसऱ्याच देशात गेल्यासारखं. आणि हीच राजधानी 1948 साली भीतीचं नावही झाली. रझाकारांच्या त्या दिवसांत आजीने पोरींना उमरखेडकडे नातेवाइकांत पाठवून दिलं होतं, निजामाच्या हद्दीबाहेर. आत्या तेव्हा बारा वर्षांची. रात्री बैलगाडीत चाकांना चिंध्या बांधल्या होत्या, हे ती सांगते, आणि उमरखेडला कुणी मोठ्याने हसलं तरी दचकायला व्हायचं, हेही. सप्टेंबरात पाच दिवसांची पोलीस ॲक्शन झाली, 17 तारखेला निजाम शरण आला, पोरी घरी आल्या. मी लहानपणी विचारायचो, की ज्या शहराची एवढी भीती वाटली, त्याच शहरात सात वर्षांनी धाकटी लेक आजोबांनी दिली कशी? आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "शहर का कुणाचं वैरी असतं? तिथं आपली माणसं होती की." ते खरंच होतं. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांत मराठी घरांची वस्ती होती, 1907 पासून विवेकवर्धिनीची शाळा होती. माईचं सासर काचीगुड्याला, स्टेशनच्या घुमटांपासून चालत दहा मिनिटांवर.

लग्न झालं 1955 ला. राजधानीत दिली, म्हणून साऱ्या सेलूने कौतुक केलं. एका राज्यातल्या राज्यात, एका गाडीच्या अंतरावर, कुठेही बदलायचं नाही, संध्याकाळी बसवलं की सकाळी सासरी. पुढच्या वर्षी 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आम्ही मराठवाडा म्हणून मुंबई राज्यात आलो, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरला गेलं, आणि माई आंध्र प्रदेशात गेली. उंबरा न ओलांडता. त्याच घरात ती पुढे 2014 साली तेलंगणातही गेली. मराठवाड्याने मराठी मुलखात यावं म्हणून तळमळणाऱ्यांत आजोबाही होते. त्या दिवशी घरात गोडधोड झालं असणार. पण आत्या सांगते, की रात्री जेवताना आजोबा घास हातात धरून थांबले आणि म्हणाले, "माई पलीकडे राहिली." एवढं एकच वाक्य. ज्या गोष्टीसाठी माणूस झटला, ती मिळाल्याच्या दिवशी त्याच्या ताटात हाही घास होता, हे मला अजून पेलत नाही.

कोर्ट मुंबईला गेलं. विद्यापीठ 1958 साली औरंगाबादला झालं, पोरांना उस्मानियात पाठवायची गरज सरली. 1981 ला औरंगाबादला खंडपीठ आलं. हे सगळं चांगलंच झालं, हवंच होतं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण एकेक करून हैदराबादला जायची कारणं गेली आणि शेवटी तिथे जायला माई तेवढी उरली.

तरी गाडी होती. माई वर्षातून एकदा औरंगाबादला नणंदेकडे जायची, तेव्हा सेलू वाटेत लागायचं. गाडी तिथे दोन मिनिटं थांबायची. त्या दोन मिनिटांसाठी आत्याच्या घरात आदल्या दिवसापासून चूल पेटलेली असायची. आत्याला गावातल्या गावातच दिलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे माझी रवानगी तिच्याकडे. मला ती हात धरून स्टेशनवर न्यायची. धपाट्यांची चवड केळीच्या पानात, वर धुतलेलं फडकं, जवसाची चटणी वेगळ्या पुडीत, थंडीत हुरडा. डबा कोणता ते पत्राने कळलेलं असायचं, पण पत्र नेहमीच वेळेवर यायचं असं नाही, मग आम्ही गाडीबरोबर धावायचो. कोळशाच्या धुराचा वास, फलाटावरचा मुरूम पायाखाली करकरायचा, आणि मग एका खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आलेला दिसायचा. तो हात मी तोंडाच्या आधी ओळखायचो. गजांतून पुडे आत जायचे, आतून उस्मानिया बिस्किटं, अनाबेशाही द्राक्षांची लहानशी टोपली तिरकी करून बाहेर यायची. बोलणं म्हणजे एकमेकींच्या बोलण्यावर बोलणं, कुणालाच काही ऐकू जायचं नाही. शिट्टी झाली, की आत्या गजांतून हात घालून माईचा गाल धरायची आणि गाडीबरोबर चार-सहा पावलं तशीच चालायची. मग हात सुटायचा. परत येताना आत्या म्हणायची, "बघितलं ना, कशी वाळलीय." दोन मिनिटांत तिने एवढं पाहिलेलं असायचं.

नव्वदीच्या दशकापासून ही मीटरगेज लाइन टप्प्याटप्प्याने मोठी, म्हणजे ब्रॉडगेज झाली. गाड्या वाढल्या, वेगवान झाल्या, थेट मुंबईहून सिकंदराबादला जाऊ लागल्या. मग फोन आले, मग चेहरा दिसणारे फोन आले. आत्याचे यजमान गेले, सेलूचं घर विकलं, ती आमच्याकडे संभाजीनगरला राहायला आली. माईच्या यजमानांचं आजारपण, आमच्या मुलांच्या परीक्षा, करोना, गुडघे. प्रत्येक वर्षी "पुढच्या वर्षी" असं ठरायचं. रोज सकाळी नऊ वाजता दोघी फोनवर बोलायच्या, त्यामुळे भेट राहून जातेय असं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोजलं तेव्हा बारा वर्षं झाली होती.

शमशाबादला उतरून काचीगुड्याला पोचायला आम्हाला दीड तास लागला, विमानात गेला त्याहून जास्त. तिकिटावर लिहिलेला सव्वा तास म्हणजे विमान जागचं हलल्यापासून दुसरीकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा वेळ, त्यात धावपट्टीवरचं फिरणं, थांबणं सगळं धरलेलं असतं. प्रत्यक्ष हवेत आम्ही तासभरही नसू. घराबाहेर पाऊल टाकल्यापासून माईच्या उंबऱ्यापर्यंत मात्र सहा तास झाले होते. हे मी आत्याला टॅक्सीत सांगत होतो, तिला बरं वाटावं म्हणून. ती बाहेर पाहत होती. ओळखीचं काहीच लागत नव्हतं. ती या शहरात कायम काचीगुड्याच्या घुमटांखालूनच शिरली होती. मागच्या बाजूने, उड्डाणपुलावरून शिरलेलं हे शहर तिचं नव्हतं.

माई पलंगावर टेकून बसली होती. नव्वदीला आलेल्या दोन बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. आत्याने वाकून तिचा गाल धरला, तसाच, गजांतून धरायची तसा. माईची सून म्हणाली, "दमला असाल, किती वेळ लागला?" मी अभिमानाने म्हणालो, "फक्त सव्वा तास." माई माझ्याकडे वळली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "सव्वा तासावर होतात?" मग आत्याला, "अक्का, सव्वा तासावर होतीस?"

त्यात राग नव्हता. राग असता, तर उत्तर देता आलं असतं.

रात्रभराची गाडी होती तेव्हा न येण्याला कारण होतं. माई स्वतःची समजूत घालत असणार, अक्काला बसवत नाही, लांब पडतं, वाट मोठी आहे. त्या अंतराने आम्हाला इतकी वर्षं पाठीशी घातलं होतं, आणि मी तोंडभरून ते अंतरच काढून घेतलं. आत्या काही बोलली नाही. तिने पिशवीतून धपाटे काढले. विमानात नेता येतील का, म्हणून मी कुरकुर केली होती, तरी तिने आणले होते. माईने एक तुकडा मोडून तोंडात धरला, चावायला दात नव्हते, तो विरघळेपर्यंत ती डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "तीळ कमी पडलेत." आत्या पहिल्यांदा हसली.

आम्ही आठ दिवस राहिलो. परतीचं विमानाचं तिकीट काढलेलं होतं. सहाव्या दिवशी आत्या म्हणाली, "मी गाडीने येते. तू ये उडत." मी तिकीट रद्द केलं, थोडे पैसे बुडाले. गाडीत तिला त्रास नको म्हणून एसीचा डबा घेतला. स्टेशनवर सोडायला माई येऊ शकत नव्हती. निघताना तिने आत्याच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला. द्राक्षं मागवली होती, पण ती जुनी जात बाजारात मिळाली नाही, याची तिला हळहळ वाटत होती.

गाडी संध्याकाळी सुटली. सिकंदराबाद, मेडचल, कामारेड्डी. आत्या झोपली नाही. खालच्या बर्थवर पाय पोटाशी घेऊन खिडकीला टेकून बसली. बाहेर अंधार, आणि काचेत तिचाच चेहरा. दर स्टेशनला ती काचेला डोळे लावून पाटी वाचायचा प्रयत्न करायची आणि मला नाव सांगायला लावायची. निजामाबाद गेलं आणि तिने पोलक्यातून रुमाल काढला. गाठ आठ दिवसांत घट्ट झाली होती, बोटांनी सुटेना, मग तिने दातांनी सोडली. रुपया तळहातावर घेऊन तिने खिडकीच्या कडेवरून हात फिरवला. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. कडी शोधत होती. त्या डब्याची काच उघडत नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

"हे उघडत नाही का?"

"नाही, आत्या."

तिने हात काचेवरच ठेवला. तेवढ्यात चाकांचा आवाज बदलला. बंद डब्यात तो फार लांबून आल्यासारखा वाटत होता, पण बदलला होता. आत्याने रुपया माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "जा, पळ." मी अनवाणीच धावलो. पडदे, कुणाचे पाय, मधलं दार, मग बेसिनपाशी बाहेरचं दार. खिट्टी घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी ओढली. दार उघडलं आणि तो सगळा आवाज एकदम अंगावर आला. गार, ओला वारा, चिखलाचा वास, खाली नुसता काळोख. पाणी दिसत नव्हतं. खांब एकामागून एक हपापल्यासारखे येत होते. एका हाताने दांडी धरून मी ठेका मोजायला लागलो, पण ही गाडी आजीच्या गाडीच्या दुप्पट वेगाने धावत होती. मोजणं जमेना. पूल संपत आला असं वाटलं आणि मी मूठ उघडली.

परत आलो तेव्हा आत्या तशीच बसली होती, हात जोडलेले. बाहेर बासरचे दिवे यायला लागले होते.

"पाण्यात पडला ना?"

एवढ्या खडखडाटात टण् झालं की नाही, मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

"पडला," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग बिस्किटांचा पुडा फोडला, एक मला दिलं, एक स्वतः घेतलं आणि म्हणाली, "सेलूला उठव मला. झोपले तर."